मधल्या पुलाचं ताट

आमचा देश एका पुलावर आहे, आणि आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेत आम्ही पहिल्या वर्षापासून आजपर्यंत दरवर्षी शेवटचे आलो आहोत. मधे एकदाही खंड पडलेला नाही. दुसऱ्या कुठल्या देशाने एवढं सातत्य दाखवलं असेल तर मला येऊन सांगावं, मी चहा पाजीन.

देशाचं नाव मधला पूल. लांबीला चांगला ऐसपैस, रुंदीला दोन ट्रक एकमेकांना शिव्या न देता जातील एवढा. घरं आम्ही कठड्याच्या बाहेरच्या अंगाला टांगलेली आहेत. त्यामुळे रस्ता मोकळा राहतो, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून गळ सोडला की खालच्या नदीतला मासा थेट ओट्यावर येतो. परदेशी गाड्या दिवसभर आमच्या देशातून जात असतात. त्यांना आम्ही कागदपत्रं विचारत नाही, कारण विचारेपर्यंत त्या देशाबाहेर गेलेल्या असतात. नदीच्या एका काठाला एक जिल्हा आहे, दुसऱ्या काठाला दुसरा. लोक त्यांना अलीकडचा आणि पलीकडचा म्हणतात. आम्हाला दोन्ही पलीकडचेच.

पूल बांधायला दोन्ही जिल्ह्यांनी आपापल्या काठापासून सुरुवात केली होती. मधोमध येऊन भेटले. उद्घाटनाला दोन्हीकडची मंडळी आली, दोन नारळ फुटले, दोन भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी पुलावरचा एक दिवा गेला, तेव्हा दोन्ही जिल्ह्यांनी कळवलं की हा पूल आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे. बांधकामावरची माणसं तोपर्यंत पुलावरच राहत होती. त्यांच्यात माझ्या सासूबाई होत्या, राहीबाई. स्लॅब टाकताना घमेली हातोहात पुढे जायची, तेव्हा त्या एक गाणं म्हणायच्या आणि सगळी रांग त्या गाण्यावर हलायची. पूल त्या गाण्यावर उभा आहे असं आमच्याकडे म्हणतात. मागे एका इंजिनिअरने खाली उतरून खांब तपासले, आणि त्यानेही तसंच लिहून दिलं.

तर ते गाणं स्पर्धेला पाठवायचं ठरलं. अर्जात देशाचं नाव लिहायचं होतं. तुमचं नाव लिहू का, असं दोन्ही जिल्ह्यांना रीतसर विचारलं. दोघांचंही उत्तर आलं की सदर पूल, त्यावरील माणसे व त्यांचे गाणे यांच्याशी या कार्यालयाचा काहीएक संबंध नाही. मग सासूबाईंनी देशाच्या जागी 'मधला पूल' असं लिहायला लावलं. स्पर्धेच्या मंडळाने ते नाव देशांच्या यादीत घातलं. यादीत नाव आलं म्हणून बाकीच्या देशांनी आम्हाला देश मानलं, आणि त्यांनी मानलं म्हणून दोन्ही जिल्ह्यांना मानावं लागलं. इतर देश आधी होतात आणि मग गातात. आम्ही आधी गायलो आणि मग झालो. हे मी प्रत्येकाला सांगते, विचारलं नाही तरी सांगते.

आता स्पर्धेची पद्धत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सगळ्यांची गाणी झाली की सगळे देश एका लांबलचक टेबलाशी ओळीने बसतात. प्रत्येक देशासमोर एक ताट असतं. मग एकेका देशाचा माणूस परात घेऊन उठतो, आणि ज्याचं गाणं आवडलं त्याच्या ताटात गुण वाढतो. गुण बेसनाच्या लाडवाएवढा असतो, पिवळसर, हाताला कोमट, आणि कानाशी धरला तर आत टाळ्या वाजत असतात. वाढण्याआधी 'वाढू का' असं विचारायचं, हा नियम आहे. ज्याच्या ताटात जास्त, तो जिंकला.

पहिल्या वर्षी सासूबाई गायल्या. ताटाशी बसले होते पहिल्या खांबाचे तात्या. आमच्या देशात आडनावं नाहीत, खांब आहेत. गाणं झालं तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं होतं म्हणतात. कुठल्याशा थंड देशाचा माणूस परात घेऊन आला आणि बारा वाढू का म्हणाला. बारा म्हणजे जास्तीत जास्त. तात्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण तात्या वळणाचे. परक्याच्या पंक्तीला पहिल्यांदा बसलोय, आणि पहिल्याच वाढीला ताट पुढे सरकवायचं म्हणजे लोक काय म्हणतील. ते म्हणाले, नको नको, राहू द्या हो, आणि ताटावर आडवा हात धरला.

त्या माणसाने मान हलवली आणि परात घेऊन तो पुढच्या देशाकडे गेला.

देशात सगळे रेडिओला कान लावून बसले होते. आता परत येईल, आता आग्रह करील, म्हणून वाट बघत होते. तात्याही हात धरून बसले होते, अगदी सैल हात, कोणीही बाजूला करावा असा. दुसरा देश आला, त्याने एकदा विचारलं, तात्या नको म्हणाले, तो गेला. तिसरा आला, तोही गेला. एकाने म्हणून दुसऱ्यांदा विचारलं नाही. शेवटी ताट रिकामं, आणि मधला पूल शेवटचा.

तात्या परत आले तेव्हा देशाने त्यांच्या गळ्यात हार घातला. चुकलं कोण हो? ज्याने नको म्हटलं तो, की ज्याने एकदा विचारून परात उचलली तो? एवढे मोठे मोठे देश, विमानं आहेत, बर्फ आहे, आणि पाहुण्याला वाढायचं कसं हे घरात कोणी शिकवलं नाही. आम्हाला त्यांची कीव आली. पुढच्या वर्षी शिकतील म्हणून आम्ही पुन्हा गेलो, आणि तेव्हापासून दरवर्षी जात आहोत.

या काळात आमच्याकडे नको म्हणण्याची जी कला तयार झाली, तिला जगात तोड नाही. सहाव्या खांबाच्या पार्वतीमावशी दोन्ही हात धरून ताटावर अशा ओणव्या व्हायच्या की पदराने ताट दिसेनासं व्हायचं. नंतरच्या एकाने ताट उचलून पाठीमागे लपवलं, पण ते जरा जास्त झालं असं सर्वांचं मत पडलं. टीव्ही आल्यावर तर काय, गाण्याच्या वेळी लोक भांडी घासून घ्यायचे आणि वाढपाच्या वेळी पडद्यासमोर येऊन बसायचे. आणि आमचे हे, तिसऱ्या खांबाचे दिगंबर, गेली बरीच वर्षं ताटाशी बसतात. नवरा म्हणून सांगत नाही, पण ह्यांच्यासारखं नको देशात दुसऱ्या कोणाचं झालं नाही. एक हात ताटावर, एक हात छातीवर, मान किंचित वाकडी, आणि म्हणणार, "नको हो, तुम्हालाच कमी पडतील." परदेशी माणसंसुद्धा बघत राहतात. बघत राहतात आणि निघून जातात.

वाढायची पाळी आमची आली की आम्ही मात्र हात आखडता घेत नाही. कोणाला बारा दिले की वर अजून दोन घ्या, म्हणून टाकतो. ज्याचं गाणं फारच वाईट झालं त्याला जास्त, बिचाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून. बाराच्या वरचे गुण मंडळ दरवर्षी काढून घेतं आणि आम्हाला समज देतं. ही समज देण्याचं काम मंडळातल्या हिल्डाबाईंकडे होतं. आम्ही त्यांना उलट उत्तर मराठीत देत असू, आणि ती उत्तरं वाचता वाचता त्या मराठी शिकल्या. त्यांचं मराठी त्यामुळे थोडं भांडखोर आहे.

सासूबाईंनंतर गायला लागल्या माझ्या वन्सं, सोनाबाई, ह्यांच्या थोरल्या बहीण. ह्या पुलावर जन्मलेलं पहिलं माणूस म्हणजे वन्सं. त्यांना काठावर झोप येत नाही, जमीन हलत नाही म्हणून. आमचा पूल ट्रक गेला की थरथरतो, आणि वन्संचा आवाज त्या थरथरीतच वाढलेला आहे. पहिल्यांदा त्या परदेशात पक्क्या जमिनीवर उभ्या राहून गायल्या तेव्हा आवाज सपाट झाला, अगदी बातम्या दिल्यासारखा. तेव्हापासून आम्ही पुलाची एक फळी बरोबर नेतो. वन्सं फळीच्या एका टोकाला उभ्या राहतात, दुसऱ्या टोकावर मी ढोलकी ठेवून वाजवते. मी ढोलकी वाजवते ती वन्संच्या तळपायांसाठी. ऐकणाऱ्यांना आवडत असेल तर ती त्यांची मर्जी.

यंदा स्पर्धेच्या आधी हिल्डाबाई स्वतः आमच्याकडे आल्या. एसटीने आल्या आणि पुलाच्या मधोमध गाडी थांबवायला लावली. परदेशात थांबा नाही म्हणून कंडक्टर कुरकुरत होता. आमच्या देशात थांबलेला हा पहिलाच परदेशी अधिकारी, त्यामुळे सगळे कठड्याशी गोळा झाले. उंच बाई, पिकलेले केस, हातात छत्री. पत्राने कळवणं बरं वाटेना म्हणून आले, असं त्या म्हणाल्या. मी त्यांना आधी जेवायला बसवलं.

भाकरी होती, माशाचं कालवण होतं, शेवयांची खीर होती. बाई आवडीने जेवल्या. मग त्यांनी भाकरीला पुरे म्हटलं. मी भाकरी वाढली. त्या म्हणाल्या, खरंच पुरे. मी वर कालवण घातलं. त्यांनी हात धरला, मी त्यांच्या बोटांच्या फटीतून खिरीची वाटी सरकवली आणि म्हटलं, माझं मन राखायला एवढी. त्यांनी ती संपवली, आणि मग चमचा खाली ठेवून मला विचारलं की मी नको म्हणाले ते तुला ऐकू आलं नाही का.

"आलं की," मी म्हटलं. "नको म्हणणं हे तुमचं काम. वाढणं हे माझं. तुम्ही तुमचं केलंत, मी माझं केलं."

बाईंनी वाटी बाजूला सारली. खालून नदीचा आवाज येत होता, वरून एक टँकर गेला आणि भिंतीवरची भांडी वाजली. मग त्यांनी हळूच विचारलं की म्हणजे एवढी वर्षं ते गुण तुम्हाला हवे होते का. मी म्हटलं, हवे होते की नव्हते हा प्रश्नच नाही, विचारलं कसं हा प्रश्न आहे. त्यांनी कपाळाला हात लावला. नियमात एकदाच विचारायची सोय आहे, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मग तुमचा नियम उपाशी ठेवणारा आहे.

त्यानंतर त्यांनी सांगायचं ते सांगितलं. मंडळाने नवीन कलम केलं होतं. ज्या देशाच्या ताटात स्थापनेपासून एकही गुण पडलेला नाही, तो देश जेवायला येतच नाही असं समजून त्याचं नाव यादीतून काढण्यात येईल. यंदाची संधी शेवटची. यंदाही ताट रिकामं राहिलं तर मधला पूल यादीत नाही.

यादीत नाही म्हणजे देश नाही, हे आम्हाला कोणी समजावून द्यायला नको होतं. दोन्ही जिल्ह्यांना ही बातमी आमच्या आधीच लागलेली होती. ज्या पुलाशी त्यांचा काहीएक संबंध नव्हता, तो आता दोघांनाही हवा होता. पूल रुंद करायचा म्हणजे कठडे तोडायचे, आणि कठड्यांना आमची घरं टांगलेली. दोन्ही टोकांना मोजणीची माणसं टेप घेऊन स्टुलांवर येऊन बसलीसुद्धा. रोज सकाळी यायची, आमच्या घरांकडे बघायची आणि संध्याकाळी जायची. एकदा खिडकीची चौकट पुसताना वन्सं मला म्हणाल्या की मैना, आईने ही खिडकी स्वतः बसवली होती. मी दुसरं फडकं घेतलं.

सभा भरवली. रस्त्यावरच भरवतो आम्ही, गाडी आली की बाजूला व्हायचं आणि गेली की पुन्हा मुद्द्यावर यायचं. बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं की आता मानपान गुंडाळून ठेवा आणि पहिल्याच विचारण्याला हो म्हणा. काहींना ते पटेना. पोट भरण्यासाठी हात पसरायचा तर देश कशाला म्हणायचं, असं ते म्हणत होते. तात्या आता फार थकलेत. त्यांना खुर्चीवर बसवून आणलं होतं. शेवटी ते बोलले. "माझ्या वेळी नाव जाणार नव्हतं, म्हणून मला नको म्हणणं परवडलं. दिगंबर, तू हो म्हण. मी तुला हार घालीन." एवढं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. ठराव मंजूर झाला, पण टाळ्या वाजल्या नाहीत.

ठराव करणं सोपं. ह्यांना हो म्हणायला शिकवायचं कोणी? ते काम माझ्याकडे आलं. घरात मी ह्यांना एकदाच विचारायचं आणि हे नको म्हणाले तर टोपली उचलायची, असं आम्ही ठरवलं. पहिल्या दिवशी मी विचारलं, भाकरी वाढू का. हे म्हणाले, नको, तुला राहू दे. मी टोपली उचलली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी हे माझ्या तोंडाकडे बघत बसले, ओठ हलले, घाम आला, आणि शेवटी नकोच बाहेर पडलं. उपाशी माणसासमोरून टोपली उचलणं जड जात होतं, पण देशाचं काम. चौथ्या दिवशी वन्संनी येऊन मला बाजूला केलं आणि भावाच्या ताटात न विचारता दोन भाकऱ्या टाकल्या. सराव तिथेच बंद पडला.

आणि तसेच आम्ही स्पर्धेला गेलो. फळी, ढोलकी, वन्सं, हे आणि मी.

वन्सं गायल्या. सासूबाईंचंच गाणं, घमेल्यांचं. कसं गायल्या ते मी सांगू शकत नाही, कारण मी फळीकडे बघत होते. पण मधे एकदा त्यांचा आवाज वर गेला आणि तिथेच थांबून राहिला, आणि त्या पक्क्या, सिमेंटच्या, परदेशी सभागृहाची जमीन थोडीशी हलली. मला पायाला कळलं. पुढच्या रांगेतल्या लोकांनी खुर्च्यांचे हात धरले. गाणं संपल्यावर वन्सं घामाघूम झाल्या होत्या. ताटाकडे जाणाऱ्या ह्यांना त्यांनी थांबवलं.

"दिगू, जमलं तर हो म्हण. नाही जमलं तर तसंच घरी ये. घर असेल तोवर जेवायला वाढीन."

वाढप सुरू झालं. पहिल्या देशाची तरुण मुलगी थेट आमच्याच ताटाशी आली आणि बारा वाढू का म्हणाली. ह्यांनी तोंड उघडलं. 'हो'मधला ह मला स्पष्ट ऐकू आला. मग हात आपोआप ताटावर गेला, दुसरा छातीवर, मान वाकडी झाली, आणि हे म्हणाले, "नको हो, तुम्हालाच कमी पडतील." मुलगी गेली. ह्यांच्या चेहऱ्यावर रंग उरला नाही. पुढचा देश आला, पुन्हा तेच. त्याच्या पुढचा आला. दर वेळी हे तोंड उघडत, दर वेळी हात आडवा पडे. इतकं देखणं नको ह्यांनी आयुष्यात म्हटलं नसेल. मला रडूही येत होतं आणि छातीही फुगत होती. कुठलं आधी करावं ते कळेना.

सगळ्या पराती फिरून झाल्या. आमचं ताट रिकामं होतं. रिकाम्या ताटाची नोंद करायला हिल्डाबाई उठल्या. त्या आमच्यापर्यंत आल्या, ताटाकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, मग मागे जाऊन त्यांच्या देशाच्या परातीतला उरलेला एक गुण उचलून घेऊन आल्या. परात नाही, नुसता हातात गुण.

त्या मराठीत म्हणाल्या, वाढू का.

हे नको म्हणाले.

बाई गेल्या नाहीत. "असं कसं? एवढं गायलात आणि उपाशी उठणार?"

सगळं सभागृह वळून बघायला लागलं. ह्यांचे कान लाल झाले. हे म्हणाले, नको, खरंच नको, झालं पोटभर. तेवढ्यात टेबलाच्या पलीकडच्या टोकाचा एक देश उठून उभा राहिला आणि त्याने हरकत घेतली, की नियमाप्रमाणे एकदाच विचारता येतं आणि बाईंनी दोनदा विचारलं आहे. मंडळाच्या अध्यक्षांनी चष्मा चढवला आणि बाईंना खुलासा मागितला.

"मी एकदाच विचारते आहे," हिल्डाबाई म्हणाल्या. "माझं विचारणं अजून संपलेलं नाही."

अध्यक्षांनी नियम काढून पाहिला. किती वेळा विचारायचं ते त्यात होतं. एक विचारणं किती लांब असावं, ते नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, हरकत फेटाळली आणि चालू द्या म्हणाले. बाई थोड्या वाकल्या. त्यांचा हात ह्यांच्या आडव्या हाताच्या अगदी वर आला, आणि मला माझीच खिरीची वाटी आठवली.

"माझं मन राखायला एक," त्या म्हणाल्या.

आता सांगा, ह्यावर कुठला माणूस नको म्हणेल? ह्यांनी हात काढला नाही. बोटं तेवढी थोडी विलग केली. गुण त्या फटीतून ताटात पडला आणि त्याचा आवाज, म्हणजे आतल्या टाळ्यांचा, टेबलभर ऐकू आला. ह्यांनी दोन्ही हात जोडले. मी ढोलकीवर डोकं ठेवून मोकळेपणाने रडले. मग जे काही झालं ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ती पहिल्या देशाची मुलगी परात घेऊन धावत परत आली, तिच्यामागे आणखी दोघे, सगळे मोडक्यातोडक्या मराठीत असं कसं, असं कसं म्हणायला लागले. पण हे तोवर सावरले होते. पोट भरलं की भरलं. ह्यांनी ताट उचलून कपाळाला लावलं आणि बस्स म्हणाले. हा बस्स खरा होता, आणि तो खरा आहे हे त्या लोकांनाही कळलं. शिकले म्हणायचे.

एका गुणावर आम्ही शेवटचे आलो. सातत्य कायम आहे.

आम्ही परत आलो तेव्हा सगळा देश अलीकडच्या टोकाशी उभा होता. तात्या खुर्चीवर, मांडीवर हार. किती गुण मिळाले हे कोणी विचारलं नाही. तात्यांनी ह्यांना जवळ बोलावलं आणि विचारलं, आग्रह केला का. हे म्हणाले, केला. तात्यांनी विचारलं, चांगला केला का. हे म्हणाले, मन राखायला म्हणाल्या. तात्यांनी डोळे मिटून घेतले आणि कितीतरी वेळ मान हलवत राहिले. हार ह्यांच्या गळ्यात घालायचं ते विसरूनच गेले, तो पार्वतीमावशींनी घातला.

गुण आम्ही पुलाच्या मधोमध फोडला. प्रत्येकाला चिमूटभर आला. तोंडात टाकला की थोडा वेळ कानात टाळ्या वाजतात आणि मग गोडसर चव राहते. मोजणीवाल्यांनाही दिला. ते नको नको म्हणत होते, पण आम्ही ऐकून घेणारे नव्हतो. खाऊन झाल्यावर त्यांनी टेप गुंडाळले, स्टुलं उचलली आणि आपापल्या काठाने गेले. सदर पुलाशी आमचा संबंध नाही असं दोन्ही जिल्ह्यांकडून पुन्हा लेखी आलेलं आहे. ते आम्ही चौकटीत लावलं आहे.

वन्संनी त्यांच्या वाटणीची चिमूट खाल्ली नाही. ती कानाशी धरून त्या खिडकीत बसून राहिल्या. मी शेजारी जाऊन बसले. वरून उसाचा ट्रक गेला, घर हललं, भांडी वाजली. पुढच्या वर्षी कुठलं गाणं घ्यायचं ते मी विचारलं, तेव्हा वन्सं खाली पाण्याकडे बघत म्हणाल्या, "नको गं मैना, आता पुरे. आवाज गेला माझा. दुसरी कोणीतरी बघा."

मी उठून चहा ठेवला. दोघींना कप भरले, त्यांच्या हातात एक दिला, आणि पुन्हा शेजारी येऊन बसले. माझं विचारणं अजून संपलेलं नाही.